निकाल थांब्यावर लावा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी, मुंबई



दिव्यांगांसाठी खुर्ची, तीनचाकी, आवाज करणारी काठी किंवा बसमध्ये चढण्याचे एखादे साधन ज्यात नाही, असे विद्यार्थी-प्रकल्पांचे प्रदर्शन महाराष्ट्रात शोधावे लागेल. शाळकरी मुलांच्या ‘इन्स्पायर’पासून अभियांत्रिकीच्या ‘डिपेक्स’पर्यंत, पदविकेच्या कॅपस्टोन प्रकल्पापासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’पर्यंत हा विषय मुलांच्या आवडीचा आहे, आणि तो त्यांना आवडतो याचे समाधानच वाटते. पण या प्रदर्शनांतून निघून परभणी जिल्ह्यातल्या वालूर-सेलू रस्त्यावर आलेले साधन कोणते, असे आमच्या तालुक्यात विचारले तर लोक एकमेकांकडे बघतील. मुलांची बुद्धी किंवा मेहनत यात कमी पडते असे मला वाटत नाही. आपण केलेली वस्तू त्यांना कोणापुढे मांडावी लागते, यावर ती वस्तू कशी होणार हे ठरते, आणि गडबड तिथे आहे. म्हणून आपल्याकडे मागणे असे की, दिव्यांगांच्या प्रवासासाठी केलेल्या कोणत्याही विद्यार्थी-प्रकल्पाची अंतिम फेरी सभागृहात घेऊ नये. ज्या रस्त्यावर ते साधन चालायचे आहे तिथे ती घ्यावी, गुण देण्याचा मोठा वाटा तिथल्या दिव्यांग प्रवाशांकडे असावा, आणि बक्षीस म्हणून धनादेशाऐवजी चाचणीचा कार्यादेश द्यावा.

सध्याचे सादरीकरण कसे असते ते आपण माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. पाच-दहा मिनिटे, पडद्यावर पंधरा स्लाइड, समोर प्राध्यापक, उद्योजक, गुंतवणूकदार आणि एखादे अधिकारी. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: यात नवीन काय, पेटंट घेतले का, बाजारपेठ केवढी, दहा पटीने वाढेल का. मुले हुशार असतात, त्यामुळे ज्या प्रश्नाला गुण आहेत त्याचीच तयारी करतात. खुर्चीला सेन्सर लागतो, सेन्सरला मोबाइल ॲप जोडले जाते, ॲपला आवाजी सूचना येतात. चाक पंक्चर झाले तर काढणार कोण, खुर्चीचे वजन किती, ती एसटीच्या डिकीत मावते का, चिखलात पुढचे छोटे चाक रुतते का, हे प्रश्न समोर बसलेल्यांपैकी कोणाच्याही आयुष्यातले नसल्यामुळे ते विचारले जात नाहीत. डोळ्यांना पट्टी बांधून किंवा तासभर चाकाच्या खुर्चीत बसून ‘अनुभव घेतला’ असे सांगणारी एक स्लाइड मात्र हमखास असते. तासाभराने पट्टी सोडणाऱ्याला अंधाराची भीती कळते. अंध माणूस रोजचा प्रवास कोणत्या कौशल्याने करतो ते त्याला कळत नाही.

आता हाच प्रश्न वालूरच्या थांब्यावर आणून बघू. दिव्यांगांना एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास मोफत आहे. सवलत तिकिटाला आहे, पायरीला नाही. साध्या एसटीच्या आतली फरशी जमिनीपासून कमीत कमी ९० सेंटिमीटर धरू. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान्य प्रमाण १ ला १२. म्हणजे ९० सेंटिमीटर चढायला जवळजवळ ११ मीटर लांबीचा उतार हवा, आणि बसचीच लांबी तेवढी असते. बसला घडीचा उतार लावण्याची कल्पना पहिल्या आकडेमोडीतच संपते. मग कोणी म्हणेल, स्थानकावर उंच फलाट करा, रेल्वेसारखा. सेलूच्या स्थानकावर तासभर थांबलेली एखादी विद्यार्थिनी हाही नाद सोडेल, कारण एसटी फलाटाला तोंड लावून उभी राहते आणि तिचे दार असते बाजूला. शिवाय चाकाची खुर्ची दारातून वर नेली तरी दोन रांगांमधल्या वाटेतून ती पुढे सरकणार नाही. म्हणजे बसच्या बाबतीत खरा प्रश्न खुर्ची चढवण्याचा नसून माणसाला खुर्चीतून सीटवर नेण्याचा आणि खुर्ची डिकीत टाकण्याचा आहे. तेही वाहकाला दोन मिनिटांत, एकट्याने आणि कंबर न मोडता जमले पाहिजे. या वाक्यात प्रकल्पाचे सगळे मापदंड आले. ते संगणकावरच्या आराखड्यात सापडत नाहीत.

त्याच विद्यार्थिनीने आणखी थोडे थांबून पाहिले तर कदाचित ती एसटीही सोडेल आणि ॲपे रिक्षाकडे वळेल. खेड्यातून तालुक्याला जाणाऱ्या माणसाचा अर्धा प्रवास ॲपेत किंवा काळी-पिवळीत होतो. ॲपेची फरशी बसपेक्षा कितीतरी खाली असते, चालक ओळखीचा असतो, तो घराच्या तोंडापर्यंत येऊ शकतो. ॲपे बारामतीला बनते, बजाजच्या रिक्षा मराठवाड्यातच वाळूजला बनतात, आणि या गाड्यांना जोडकाम करून देणारा वेल्डिंगवाला प्रत्येक तालुक्याला आहे. बाहेर फिरणारी सीट, धरायला पक्का दांडा, मागे घडीची खुर्ची अडकवायचा कडा, इतके काम लोखंडाचे आहे. पण खुर्चीने जागा अडली की चालकाचे एक भाडे बुडते, आणि ते कोणी भरायचे याचे उत्तर नसेल तर उत्तम फिरती सीटही महिन्याभरात काढून ठेवली जाईल. म्हणजे या साधनाचा अर्धा आराखडा भाड्याच्या हिशेबाचा आहे आणि तो ॲपेचालकापुढे मांडून पटवावा लागेल. गुंतवणूकदाराला पटवणे त्यापेक्षा सोपे आहे असे मला वाटते.

    

साधन कुठे आणि कोणापुढे तपासले यावर ते बदलते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अमेरिकेतल्या एमआयटीतला आहे. एमॉस विंटर हा तिथला विद्यार्थी २००५मध्ये टांझानियात चाकाच्या खुर्च्यांची स्थिती पाहायला गेला. खेड्यात साध्या खुर्चीची चाके मातीत अडतात आणि हाताच्या तीनचाकीला घरात वळता येत नाही, हे त्याने पाहिले. त्यातून दोन दांड्यांनी ढकलायची खुर्ची निघाली. दांडा वर धरला की जोर मिळतो, खाली धरला की वेग. चेन, फ्रीव्हील, बेअरिंग सगळे सायकलचे, म्हणजे सायकल दुरुस्त करणारा कोणीही ती दुरुस्त करू शकतो. कागदावर ही कल्पना इतकी सुंदर आहे की कोणत्याही सभागृहात तिला पहिले बक्षीस मिळाले असते. पण पूर्व आफ्रिकेत ती प्रत्यक्ष वापरायला दिली तेव्हा लोकांनी सांगितले, ही फार जड आहे, रुंद आहे आणि घरात फिरवता येत नाही. सुमारे ९ किलो वजन उतरवावे लागले, रुंदी साध्या खुर्चीएवढी करावी लागली. पुढची चाचणी ग्वाटेमालात झाली आणि त्यानंतरची भारतात, जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीबरोबर. मूळ कल्पना, म्हणजे दांडा आणि त्याचे यंत्रशास्त्र, शेवटपर्यंत तीच राहिली. पहिल्या नमुन्याचे मूल्यमापन एमआयटीच्या सभागृहात संपले असते तर जगाला एक अतिशय हुशार, पण दारातून आत न जाणारी खुर्ची मिळाली असती.

आपल्याकडचे उदाहरण दिल्लीच्या आयआयटीचे आहे. अंधांच्या पांढऱ्या काठीला जमिनीवरचा अडथळा कळतो. छातीएवढ्या उंचीवरची फांदी किंवा उभ्या ट्रकचा मागचा भाग कळत नाही. ध्वनिलहरींनी तो ओळखून काठीच्या मुठीत थरथर निर्माण करणारे ‘स्मार्टकेन’ २००५च्या सुमारास पदवीच्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झाले. रोहन पॉल हा त्यातला विद्यार्थी, प्रा. एम. बालकृष्णन हे मार्गदर्शक. ते बाजारात आले २०१४मध्ये, सुमारे ३ हजार रुपयांना. मधली नऊ वर्षे अंध वापरकर्त्यांकडून तपासून घेण्यात, ‘सक्षम’ या संस्थेबरोबर फिरण्यात आणि चेन्नईच्या उत्पादकाला तयार करण्यात गेली. याच प्रयोगशाळेने पुढे ‘ऑनबोर्ड’ नावाचे साधन केले. थांब्यावर उभ्या अंध प्रवाशाने बटण दाबले की समोरच्या बसवरचा ध्वनिक्षेपक मार्गाचा क्रमांक सांगतो, दुसरे बटण दाबले की तो आवाज करत राहतो आणि त्या आवाजाच्या रोखाने दार सापडते. मुंबईत बेस्टच्या बसवर त्याची चाचणी झाली, कारण एकामागे एक चार-पाच बस येऊन थांबणे ही मुंबईची अडचण आहे. वालूरच्या थांब्यावर एका वेळी पाच बस येत नाहीत. इथे आलेली गाडी कोणती हे शेजारचा माणूस सांगतो. ती येणार आहे की रद्द झाली, हे कोणालाच सांगता येत नाही. मुंबईत शंभर टक्के गुण मिळवणारे साधन इथे निकामी ठरावे, यात त्या साधनाचा दोष नाही. पण वालूरसाठी काय हवे, याचा निकाल मुंबईत लागू शकत नाही, एवढे यातून निश्चित कळते.

ही पद्धत परभणी जिल्ह्याला नवी नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२पासून परभणीत आहे. ‘परभणी क्रांती’ ही इथली भेंडी केवडा रोगाला दाद देत नव्हती म्हणून देशभर गेली. विद्यापीठाचा नवा वाण किंवा नवे अवजार नुसत्या भाषणावर शिफारशीला जात नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या होतात, शेतकऱ्यांच्या शेतात ते करून पाहिले जाते आणि मग चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीपुढे, म्हणजे जॉइंट ॲग्रेस्कोपुढे, त्याची चिरफाड होते. कोळप्याच्या पातीबद्दल आपण इतके सावध आहोत. माणूस ज्यावर बसून रस्ता ओलांडणार त्या साधनाला मात्र टाळ्या आणि प्रमाणपत्र पुरते.

यावर पहिला आक्षेप येईल तो कायद्याचा. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे, त्याच्या ४१व्या कलमात वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर आहे, शहरी बसमध्ये सुगम सोयी सक्तीच्या करणारा नियम मार्च २०२०पासून लागू आहे, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष ऐच्छिक असू शकत नाहीत असे स्पष्ट केले आहे. मग विद्यार्थ्यांच्या जुगाडाचे कौतुक कशाला, सरळ खालच्या फरशीच्या बस आणा, असे कोणी म्हणेल. या आक्षेपातली भीती खरी आहे. एखाद्या मुलाच्या यंत्रासोबत छायाचित्र काढून घ्यायचे आणि बसची खरेदी पुढे ढकलायची, हा धोका मी नाकारत नाही. तसे होणार असेल तर माझे हे पत्र फाडून टाकावे. पण जुन्या वाहनांत बदल करण्याच्या जबाबदारीला त्याच कलमाने ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य’ आणि ‘आर्थिकदृष्ट्या परवडणारे’ अशा अटी घातल्या आहेत. सुगम भारत अभियान २०१५मध्ये सुरू झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनीही सरकारी मालकीच्या सुमारे दीड लाख बसपैकी पूर्ण सुगम बस सरकारच्याच आकडेवारीत ६ टक्क्यांच्या आसपास होत्या. आज घेतलेली बस दहा-बारा वर्षे चालते. तेवढी वर्षे वालूरच्या माणसाने घरात बसावे असा कायद्याचा हेतू नसणार. आणि उद्या सगळ्या बस खालच्या फरशीच्या झाल्या, तरी घरापासून थांब्यापर्यंतची काळ्या मातीची वाट बसमध्ये धरलेली नाही.

दुसरा आक्षेप बाजारपेठेचा: खेड्यातले दिव्यांग किती, आणि त्यांच्याकडे पैसे किती? २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले आणि त्यातले सुमारे ६९ टक्के खेड्यांत होते. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजार, त्यात चालण्या-हलण्याची अडचण असलेले साडेपाच लाखांच्या आसपास. संख्या थोडी नाही. पैशांचे म्हणाल तर या वस्तूंचा मोठा ग्राहक सरकारच आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून साधने वाटली जातात. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. खर्च करणारे हे असतील तर ‘दहा पटीने वाढेल का’ हा प्रश्न मुळातच चुकीच्या परीक्षेतला आहे. ५ टक्क्यांतून काय घ्यावे हे आमच्या ग्रामपंचायतीला सांगणारी, वापरून पाहिलेल्या साधनांची यादी जास्त कामाची ठरेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गावातला माणूस भिडस्त असतो. शहरातून मुले आली, फुकट काही दिले, तर तो ‘छान आहे’ म्हणणार, त्याच्या गुणांना किंमत काय? खरे आहे. म्हणून मत विचारण्यावर थांबू नये. साधन तीन महिने त्याच्याकडे ठेवावे आणि मग न सांगता जाऊन बघावे: ते अंगणात आहे की गोठ्यात, टायर झिजला आहे की प्लॅस्टिक अजून गुंडाळलेले आहे, बिघडले तेव्हा कोणी आणि कितीला नीट केले, त्या काळात तो सेलूला किती वेळा गेला. झिजलेल्या टायरला भीड नसते. दिव्यांगांना यंत्रशास्त्र कळत नाही, असेही कुजबुजले जाईल. अमेरिकेचा राल्फ हॉचकिस १९६६मध्ये विद्यार्थिदशेत अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत आला आणि पुढे त्याने गरीब देशांतल्या कारागिरांबरोबर खडबडीत रस्त्यांवर टिकणाऱ्या खुर्च्या घडवल्या. मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळवणारा तो अभियंता होता. परीक्षकांच्या खुर्चीवरच नव्हे, रचनाकारांच्या गटातही त्याच्यासारख्यांची जागा आहे. पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात. कच्चा नमुना थेट माणसावर आजमावू नये हे बरोबर. आधी वाळूच्या पोत्यांवर, मग आगाराच्या आवारात, मग विमा उतरवून रस्त्यावर, असा क्रम ठरवता येतो, आणि ज्याला प्रमाणपत्र लागते त्यासाठी पुण्यात एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. आपल्या नियमावलीत हे एक पान होईल.

मुले जूनमध्ये पास होऊन निघून जातात, या तक्रारीचे उत्तर मात्र आपल्याच हातात आहे. स्मार्टकेन सुरू करणारा विद्यार्थी पुढच्या शिक्षणाला गेला, साधन थांबले नाही. कारण ते प्रयोगशाळेचे, संस्थेचे आणि उत्पादकाचेही झाले होते. आपल्या स्पर्धा दरवर्षी ‘नवीन’ मागतात, त्यामुळे धाकट्या तुकडीला थोरल्या तुकडीचे अर्धवट काम हाती घेता येत नाही. दरवर्षी नवी खुर्ची जन्मते आणि जुनी वर्कशॉपच्या कोपऱ्यात गंजते. जुना प्रकल्प पुढे नेणाऱ्या गटालाही प्रवेश द्या, आणि चाचणीचा आदेश विद्यार्थ्याच्या नावावर न काढता विभागाच्या नावावर काढा. कार्यादेशाची कल्पना आपल्या सोसायटीचीच आहे. २०१८च्या स्टार्टअप सप्ताहापासून दर सप्ताहात निवडलेल्या २४ उपक्रमांना सरकारी विभागांत चाचणीसाठी १५ लाखांपर्यंतचे आदेश आपण दिलेत. तोच मार्ग लहान रकमेचा करून तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी खुला करावा. गावे शोधण्यासाठीही नवी यंत्रणा नको. उन्नत भारत अभियानात कित्येक महाविद्यालयांनी गावे घेतलेली आहेतच.

सुरुवात एका जिल्ह्यात करा. परभणी घ्या आणि मार्ग वालूर-सेलू घ्या. परीक्षकांत या मार्गावरचा एक वाहक, एक ॲपेचालक, एक वेल्डिंगवाला, एक प्राध्यापक आणि पाच दिव्यांग प्रवासी असावेत. त्या पाचांत किमान दोन स्त्रिया हव्यात, कारण खुर्चीतून सीटवर नेताना परक्या पुरुषाने हात लावायचा की नाही हा प्रश्न त्यांच्यावाचून कोणी काढणार नाही. दिव्यांग परीक्षकांना इतर परीक्षकांएवढेच मानधन द्यावे. फेरीची तारीख मात्र जानेवारीतली नको. महाविद्यालयांच्या वेळापत्रकाला ती सोयीची असेल, पण जानेवारीत आमचे सगळे रस्ते चांगले असतात. नमुने मे अखेर गावात पोचते करा, पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्या आणि निकाल पोळ्यानंतर लावा. गुणपत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवले तरी चालेल.

कळावे.

आपला,
एक वालूरकर
(वालूर, ता. सेलू, जि. परभणी)